पाचवं लायसन्स

संगणकातलं मला फारसं काही कळत नाही, हे आमच्या संस्थेत फक्त मलाच माहीत होतं. ते गुपित मी चौदा वर्षं नीट सांभाळलं.

चिकलठाण्याच्या पुढं, जालना रोडपासून जरा आत, आमचं भूजल संशोधन केंद्र होतं. मी तिथं भांडारात कारकून म्हणून लागलो. एकदा दोन दिवस सगळं नेटवर्क बंद पडलं होतं. मी सहज एका डब्याची वायर काढून पुन्हा खोचली आणि ते सुरू झालं. त्या दिवसापासून मी 'सिस्टिमवाले अनंतराव' झालो आणि मला एसीची खोली मिळाली.

जमिनीखाली पाणी किती आहे आणि उपसलं तर किती उरेल, याचं गणित, म्हणजे मॉडेल, मांडणारं एक महागडं सॉफ्टवेअर केंद्राकडे होतं. ते सगळ्यांच्या संगणकावर होतं, पण एका वेळी पाच जणांनाच चालायचं. माझ्या खोलीतल्या सर्व्हरवर पाच लायसन्स होती. कुणी सॉफ्टवेअर उघडलं की नेटवर्कवरून एक लायसन्स त्याच्याकडे जायचं, बंद केलं की परत यायचं. सहावा आला की त्याच्या पडद्यावर 'लायसन्स शिल्लक नाही' एवढंच उमटायचं. शास्त्रज्ञ होते अठरा. डॉक्टरेट झालेली माणसं माझ्या दाराशी येऊन "अनंतराव, बघा ना काही" म्हणायची आणि मी चष्मा पुसत "बघतो" म्हणायचो. मग व्हरांड्यातून फेरी. कोण सॉफ्टवेअर उघडं टाकून चहाला गेलंय ते हेरायचं आणि त्याला चार शब्द सुनवायचे. घरी मला भाजी कुठली करू हेही कुणी विचारत नसे, त्यामुळं ही फेरी मला चांगलीच मानवली होती.

२०१४ साली दीपमाला आली. पैठणकडच्या गावातली, शेतकऱ्याघरची पोर. संशोधन सहायक म्हणून लागली आणि पुंडलिकनगरात खोली घेऊन राहू लागली. त्या वर्षी पाऊस झाला नाही, पुढच्या वर्षीही नाही. एक दिवस ती माझ्याकडे आली.

"सर, आमच्याकडं पाच दिवसांनी नळ येतो, तेबी सकाळी दहाला. त्या दिवशी घरून नेटवर्कला जोडता येईल का? लायसन्स तिथं मिळालं तर काम थांबणार नाय."

"सुरक्षेच्या दृष्टीनं ते योग्य नाही," मी म्हणालो.

सुरक्षा हा शब्द फार कामाचा. बाहेरून नेटवर्कला कसं जोडतात हे मला येत नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ होता.

२०१६च्या फेब्रुवारीत वरून काम आलं. चाळीस गावांत नवे बोअर कुठं घेऊ नयेत, याचा नकाशा मार्चअखेर द्यायचा होता. तो दीपमालाकडे गेला. तिचं गणित एकदा लावलं की नऊ तास चालायचं, आणि मध्ये लायसन्स तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून. ती सकाळी साडेसहाला येऊन लावायची आणि रोज दुपारी ते बंद पडायचं. बैठकीत संचालक नानासाहेबांनी कारण विचारलं. मी उभा राहिलो आणि शास्त्रज्ञांना शिस्त नाही, लायसन्स अडवून ठेवतात, यावर पाच मिनिटं बोललो. दीपमाला वहीत बघत बसली होती.

संध्याकाळी ती खोलीत आली. "सर, लायसन्स कोणी कधी घेतलं याची नोंद सर्व्हर ठेवतो व्हय?"

"ठेवत असणार," मी म्हणालो. मी कधी बघितलं नव्हतं. मला पाय होते आणि व्हरांडा होता.

तिनं दोन मिनिटांत नोंद शोधली. रोज दुपारी एक वाजता पाचही लायसन्स एकदम तुटत होती. एक वाजून पाच मिनिटांनी पहिलं लायसन्स रोज एकच संगणक घेत होता आणि सहा वाजेपर्यंत सोडत नव्हता. त्या संगणकाचं नाव 'अनंत' असं होतं.

जेवायला बसण्याआधी मी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचो. यंत्रालाही विसावा हवा, असं माझं मत होतं. मग तो नीट चाललाय ना हे पाहायला स्वतः सॉफ्टवेअर उघडायचो, त्याची खिडकी खाली सारायचो आणि डबा सोडायचो. ज्या चोराला मी व्हरांडाभर शोधत होतो, तो रोज माझ्याच खुर्चीत बसून पोळी-भाजी खात होता.

"किती दिवसांपासनं, सर?"

"पहिल्यापासून."

ती हसली असती तर बरं झालं असतं. "आता एकला बंद करू नका, म्हंजे झालं," एवढंच म्हणाली.

बहुधा लाजेनंच माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि ते घरून जोडायचं मला येत नाही. सुरक्षा वगैरे काही नाही."

"मला वाटलंच होतं. मलाबी येत नाय. बसू की दोघं."

शनिवारी आम्ही दिवसभर बसलो. पुण्याहून कंपनीचा माणूस फोनवर सांगायचा, मी ते मोठ्यानं पुन्हा म्हणायचो आणि दीपमाला टाकायची. दुपारी तिनं कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "आता तुम्ही टाका, सर." माझ्याकडून पासवर्ड तीनदा चुकला.

पुढच्या नळाच्या दिवशी दहा वाजता तिचा फोन आला. मागं ड्रममध्ये पाणी पडत होतं. "सर, मिळालं." लायसन्स कुणाकडे आहे हे दाखवणारी यादी तिनं माझ्या पडद्यावर लावून दिली होती, तिच्यात तिचं नाव उमटलं. दुपारी डबा काढला तेव्हा सवयीनं हात सर्व्हरच्या बटणाकडं गेला. तो मी खिशात घातला.

नकाशा वेळेत गेला. पुढच्या बैठकीत एक वाजताची हकीगत मी स्वतःच सांगितली. नानासाहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे इतकी वर्षं तुम्हीही मॉडेल करत होतात. निष्कर्ष काय निघाला?" सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरानं.

त्यानंतर माझ्या दाराशी कुणी येईना. लायसन्सची ती यादी आता प्रत्येकाला जागेवरूनच दिसू लागली. रिकामा वेळ होता, म्हणून दीपमालानं मला नकाशा वाचायला शिकवलं. लाल म्हणजे बोअर नको. चाळीसातलं एक गाव आता शहरातच आलेलं, आमच्या सोसायटीला लागून. ते पूर्ण लाल होतं.

एप्रिलमध्ये सोसायटीची बैठक झाली. दुसरा बोअर घ्यायचा ठराव होता. मी नकाशाबद्दल बोललो. सचिव बद्रीनाथ म्हणाले, "अनंतराव, तुम्ही तिथं संगणक लावून देता ना?"

"हो," मी म्हणालो.

विरोधात कोण, असं विचारल्यावर मी हात वर केला. आजूबाजूला एकही हात दिसला नाही, तेव्हा त्याच हातानं डोकं खाजवून तो खाली घेतला. तेवढ्यात बायकांच्या रांगेत माझी बायको उमा हिचा हात वर गेला आणि मोजणी संपेपर्यंत वरच राहिला. एका घराचं एक मत असतं. आमच्या घराचं मत तिचं धरलं गेलं, आणि ठराव एका मताच्या विरोधानं मंजूर झाला.

मशीन आलं. दोन दिवस खणलं, सहाशे फुटांपर्यंत गेलं, पण पाणी लागलं नाही, नुसती पांढरी भुकटी वर आली आणि आमच्या खिडक्यांवर बसली. उमानं माझ्या हातात ओलं फडकं दिलं. मी खिडक्या पुसत असताना खालून बद्रीनाथांनी हाक मारली, "अनंतराव, तो नकाशा जरा पाठवता का?"

एवढी एक खिडकी झाली की पाठवतो, असं मी त्यांना सांगितलं.