एका ‘येतो’साठी हिंगणी

रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत कथा आली नाही, तर तुमच्या पानांवर फराळाच्या पाककृती जातील, असं संपादकबाईंनी पुण्याहून फोन करून बजावलं. दिवाळी अंकात तीन वर्षांनी माझी कथा येणार होती, आणि मी शेजारच्या काकूंपासून कॉलेजच्या शिपायापर्यंत सगळ्यांना सांगून बसले होते. कथा तयार होती, फक्त शेवटचं पान नव्हतं. पण वर्ध्याच्या घरात लिहायला बसलं की मला कपाटं आवरायची हुक्की येते. म्हणून शनिवारी सकाळी मावशीकडे हिंगणीला निघाले.

हिंगणीच का? तर पावसाळ्यात शेजारच्या बोर अभयारण्यातली सफारी बंद असते, म्हणजे वाघाचा मोह नाही. मावशीच्या घरात मोबाइलला रेंज नाही, म्हणजे तोही नाही. वर्ध्याहून सेलूमार्गे एसटी, तासाभराचा रस्ता, बायकांना अर्धं तिकीट. सोबत आमच्या वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचा पुडा घेतला आणि नियम केला : शंभर शब्दांना एक बिस्कीट. सेलू येईपर्यंत चार संपली होती. ती मी आगाऊ धरली.

मावशी आणि काका भाजीपाला पिकवतात, वांगी आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. मी ओसरीत वही उघडली, तर मावशीनं समोर पाटोडीचा रस्सा ठेवला. तो असा झणझणीत की डोळ्यांतून पाणी आलं, आणि नंतर त्याच डोळ्यांवर झोप. चारला उठले. मग कथेत शेत आहे, तेव्हा शेत बघायला हवं, असं म्हणून वांगी तोडायला गेले. कथेतल्या शेतात कापूस आहे, ही गोष्ट वेगळी.

“काऊन वं, झालं का तुह्यं लिवून?” मावशीनं विचारलं.

“सुचून राह्यलं, मावशी.”

“सुचू दे. पन गाडी निंगाच्या आंधी जेवढे वांगे तोडले, तेवढेच बजारात जाते. मांगं राह्यले त्याचं मंग भरीतच करा लागते.”

माझ्या कथेचं भरीत होणार, या धास्तीनं रविवारी सकाळी दार लावून बसले आणि तीनपर्यंत शेवट लिहून काढला. कथेतली बाई आमच्याच भागातली, पंचावन्न वर्षांची. ती नवऱ्याचं घर कायमचं सोडते. उंबरठ्यावर तो विचारतो, कुठे निघालीस? ती म्हणते, “मी जाते.” संपली कथा. मी स्वतःवर भलतीच खूश. मावशी सांबाराच्या जुड्या बांधत होती, तिला वाचून दाखवली. तिचे हात थांबले.

“घर सोडलं, थे बरं केलं तिनं. पन ‘जाते’ काऊन म्हन्ते? उंबरठ्यावर असं बोलते का कोनी?”

“पण ती परत येणारच नाही ना, मावशी.”

“म्हून काय झालं? कायमची निंगाली तरी बाई ‘येतो’च म्हन्ते. त्याले समजते बरोब्बर, का आता हे येत नाई.”

मी वहीतलं ‘जाते’ खोडलं आणि ‘येतो’ लिहिलं. लाज वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला. ‘येतो’ हा शब्द तर माझाच होता. इकडे बायकाही स्वतःबद्दल येतो, जातो असंच बोलतात. एम.ए.ला पुण्यात गेले, होस्टेलवर मुली हसल्या आणि आठवड्याभरात मी ‘येते’ म्हणायला लागले.

आता रेंज शोधायची होती आणि ती फक्त बोर धरणाच्या बाजूला. काकांच्या मोटरसायकलवर निघालो, तर वाटेत भज्यांची टपरी. काका म्हणाले, “गरम हायेत, दोन मिनिटं थांबू.” आयुष्यात पहिल्यांदा मी भज्यांना नाही म्हटलं. पाचला आठ मिनिटं कमी असताना कथा गेली. मग मात्र दोन प्लेट भजी खाल्ली. जाणार असाल तर भज्यांसोबत तळलेली मिरची मागून घ्या.

सोमवारी सकाळी मावशीनं पिशवीभर वांगी दिली आणि म्हणाली, “येजो वं.”

“येतो, मावशी,” मी म्हणाले. काय म्हणाले, ते बस सुटल्यावर लक्षात आलं.

घरी येऊन तीन दिवस झाले. वांग्यांचं भरीत संपलं, गोरसपाकचा पुडा तर कधीच रिकामा झाला. आज दुपारी संपादकबाईंचा फोन आला.

“शेवट फार सुंदर. फक्त एक चूक सुधारलीय. बाई ‘येतो’ कशी म्हणेल? ‘येते’ केलंय.”

“नाही,” मी म्हणाले. “आमच्याकडे बायका ‘येतो’च म्हणतात.”

“अहो, वाचकांना छपाईची चूक वाटेल.”

“वाटू द्या. नाहीतर पाककृती छापा.”

बोलून गेले आणि घाबरले. शिपायाला काय तोंड दाखवणार होते?

“बरं बाई, राहू दे तुमचं ‘येतो’,” संपादकबाई म्हणाल्या. “ठेवते मग.”

“हो,” मी म्हणाले, “ठेवतो.”