साहेबाचा किल्ट आणि मोज्यांचा रंग

माझ्या नवऱ्याचा साहेब स्कॉटलंडचा. तो निवृत्त होणार होता आणि निरोपाची पार्टी दुबई मरीनातल्या एका हॉटेलात, संध्याकाळी सातला होती. आमंत्रणात लिहिलं होतं, पुरुषांनी काळा सूट आणि बो घालावा, नाहीतर किल्ट. नवऱ्याकडे काळा सूट आहे, चांगला आहे. पण साहेबाने आपला जुना किल्ट देऊ केला आणि हा माणूस तो हरखून घरी घेऊन आला.

किल्ट म्हणजे गुडघ्यापर्यंतचा, मागे चुण्या असलेला लोकरी चौकड्यांचा घागराच. नवरा दर सुट्टीत रत्नागिरीहून चौकड्यांच्या दोन लुंग्या आणतो. लुंगी नेसून दार उघडायला गेला की मुलगी ओरडते, "अब्बा, प्लीज! पीपल कॅन सी यू!" किल्ट बघून तीच मुलगी म्हणाली, "सो क्लासी!" म्हणजे चौकड्या साहेबाच्या असल्या की क्लासी.

खरा घोळ झाला तो रंगांचा. किल्ट गडद हिरवा-निळा, त्यात दोऱ्याएवढी मरून रेघ. त्याच्याखाली गुडघ्यापर्यंत लोकरी मोजे लागतात, मोज्यांवर बांधायला दोन रंगीत पट्ट्या, वर गळ्याला बो. नवऱ्याच्या ऑफिसात ठाण्याचे एक गृहस्थ आहेत. ते एकदा आठ दिवस स्कॉटलंडला फिरून आलेले, तेवढ्या भांडवलावर ते तज्ज्ञ ठरले. त्यांनी फर्मान काढलं, मोजे पांढरे आणि बाकी झाडून सगळं हिरवं.

मी वीस वर्षं इथल्या मीना बाजारात ड्रेसला ओढण्या मॅच करतेय. मी म्हटलं, "अहो, ती मरून रेघ धरा. मोजे गडद मरून, पट्ट्या हिरव्या. संध्याकाळचा कार्यक्रम आहे, बो काळाच घ्या."

"तुला त्यातलं काय कळतं? हा काय पंजाबी ड्रेस आहे?"

"रंग तर तेच आहेत ना?"

त्याने माझ्यासमोरच ठाणेकरांना फोन लावला, तोही स्पीकरवर. ठाणेकर हसले. "वहिनींना सांग, हबीबी, हे शास्त्र आहे." पांढरे मोजे आले, दीडशे दिरहमचे. साडेतीन हजार रुपये, दुबईच्या उन्हाळ्यात लोकरी मोज्यांना! एकच गोष्ट त्याने स्वतःच्या अकलेने केली. गुडघे उघडे राहायला नकोत म्हणून किल्ट कमरेवरून चांगला खाली ओढून बांधला. ते मला पटलं.

पार्टीच्या दारातच एका पाहुण्याने त्याला अडवलं आणि इंग्रजीत विचारलं, "तुमचा बँड किती वाजता सुरू होणार?" नवऱ्याला नीट ऐकूच गेलं नाही. तो हसून म्हणाला, "इन्शाल्ला." पाच मिनिटांत खरा बँड आला. बॅगपाइप वाजवणारे चौघे. पांढरे मोजे, हिरवे बो, हिरव्या पट्ट्या. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. ठाणेकर आले, ते काळ्या सुटात. "मला किल्ट सूट होत नाही रे," म्हणाले आणि स्टार्टर घ्यायला गेले. एवढा निलाजरा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

साहेबाची बायको माझ्याजवळ येऊन गोड आवाजात समजावू लागली. पांढरे मोजे बँडवाल्यांचे, संध्याकाळी आम्ही गडद घालतो, किल्टमधलीच एखादी रेघ निवडायची असते. "मला माहीत होतं," मी म्हटलं. तिने भुवया उंचावल्या आणि ती दुसरीकडे कुणाला तरी भेटायला गेली. हेच तिने किल्टसोबत चिठ्ठीत लिहून पाठवलं असतं, तर माझा नवरा पाहुण्यासारखा तरी दिसला असता. पण उपकार करणाऱ्याला एवढं कुठे सुचतं?

भाषणं संपली तरी नवरा दिसेना. शोधलं, तर हा किचनच्या दाराशी त्या चौघांसोबत समोसे खात उभा! चौघेही पाकिस्तानातल्या सियालकोटचे. त्यांच्या गावात किल्ट शिवतात, बॅगपाइपही बनवतात, हे त्यांच्या बोलण्यातूनच मला कळलं. हिंदी-उर्दूत जोरदार गप्पा चालल्या होत्या. त्यांच्यातला वयस्क माणूस खाली वाकून नवऱ्याच्या मोज्याची पट्टी नीट बाहेरच्या बाजूला वळवून देत होता. आठवडाभरात नवरा पहिल्यांदा मोकळा हसताना दिसला. मी लांबूनच परत फिरले.

गाडीत तो सिग्नलला म्हणाला, "त्यांचा म्होरक्या म्हणत होता, यावर मरून मोजे छान दिसले असते. माणसाला काय नजर आहे!"

"हो का?" मी म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले.