कावळ्यासमोर दिलेला शब्द

धाकटा भाऊ तापानं गेला. त्याच्या दहाव्याला वैनगंगेच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. पलीकडच्या झाडावर कावळे होते, पण खाली उतरत नव्हते. भटजी म्हणाले, त्याच्या मनात काही राहिलं असेल तर बोलून दाखवा. काका हात जोडून म्हणाले, आईला सांभाळू. आत्या म्हणाली, तुझी मोटरसायकल कोणाला देणार नाही. कावळे बसूनच. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तेव्हा मामा पुढं झाला आणि मोठ्यानं ओरडला, "तुया तो गेम राह्यला नं बाप्पा? दादा पुरा करते तुया गेम. दादाचा शब्द हाय तुले!"

मागं कोणीतरी हसलं. आणि कावळा उतरला.

दादा म्हणजे मी. मला कोणी विचारलं नव्हतं. परतताना मामा ऑटोत माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, "पाह्य, कसं जमवलं!" मी बाहेर बघत राहिलो. तोंड उघडलं असतं तर काय निघालं असतं, माहीत नाही.

मी आयुष्यभर पुस्तकं वाचली, खेळ एकही खेळलो नाही. भाऊ टीव्हीसमोर बसून खेळायचा, तेव्हा मी दार लोटून घ्यायचो. त्याचा तो खेळ अंतराळातला. बर्फानं झाकलेल्या एका चंद्रावर खाण आहे. आधीच्या सगळ्या मोहिमांत सोबत चार जण असतात. या एका मोहिमेत मात्र यान वर थांबतं, रेडिओ बंद पडतो आणि आपण एकटेच खाली उतरतो. पाठीवरचा प्राणवायू संपत जातो. दिवा लावला तर भिंतीतले प्राणी अंगावर येतात, विझवला तर वाट दिसत नाही. भाऊ इथंच कितीतरी महिने अडकला होता.

दुपारी आईचं काम आवरलं की मी बसायचो. पहिल्या दिवशी मी खाणीतल्या भिंतींवरचा मजकूरच वाचत राहिलो. मेलेल्या कामगारांनी लिहिलेला होता, बरा लिहिला होता. वाचता वाचता प्राणवायू संपला आणि मी मेलो. यंत्रानं मला पुन्हा दारापाशी उभं केलं. पुन्हा मेलो, पुन्हा उभा. या गोष्टीची मला इतकी चीड आली की रिमोट गादीवर आपटला. ज्याला हवं होतं त्याला एकदाही नाही, आणि मला हवं तितक्यांदा, मागितलं नसताना!

आई स्वयंपाकघरातून विचारायची, "झालं का?"

"नाही."

"मंग तो तिथंच अडकून हाय."

ती खेळातल्या माणसाबद्दल बोलत नव्हती.

भावाचा मित्र भेटायला आला. टीव्हीकडं पाहून म्हणाला, "भैया, लाओ, मैं निकाल देता हूँ. अभी हो जाएगा." मी रिमोट पुढं केलासुद्धा. आई पदराला हात पुसत आली. "राहू दे बेटा. शब्द दादाच्या नावानं देला हाय."

मित्र ओशाळून हसला. "वैसे आंटी, वो तो मुझे हाथ भी नहीं लगाने देता था. मैं बोला व्हिडिओ देख ले, तो गाली दी मुझे. बोला, देखके किया तो फिर मैंने क्या किया?"

तो गेल्यावर माझ्या लक्षात आलं. खेळ पुरा व्हावा ही भावाची इच्छा नव्हतीच. तो त्यानं स्वतः पुरा करावा, एवढीच होती. म्हणजे मामानं कावळ्याला भलतंच कबूल केलं होतं, आणि ते आता माझ्याकडून करवून घेतलं जात होतं.

"आई, त्याले दुसऱ्यानं केलेलं चाललं नसतं," मी म्हणालो.

"मंग कावळा काहून शिवला?"

"भूक लागली असन त्याले."

आईनं माझ्याकडं पाहिलं. वाढलेलं ताट तिनं झाकून ठेवलं आणि त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी पुन्हा खेळायला बसलो, तेव्हा तिनं घास घेतला.

किती वेळा मेलो ते मोजलं नाही. हळूहळू डोळ्यांआधी बोटांना कळू लागलं. कुठं दिवा विझवायचा, कुठं भिंतीला खेटून थांबायचं, कुठं श्वास जपण्यासाठी पळायचं नाही. एका दुपारी शेवटच्या चढावर हवा जवळजवळ संपली होती, दिवा बंद होता, आणि मी दात आवळून चालत राहिलो. यानाचं दार उघडलं. पडद्यावर मोहीम पूर्ण झाल्याचं आलं. त्याच्याखाली भावानं खेळात स्वतःला दिलेलं नाव झळकलं. जिंकणारा तो, असं यंत्र म्हणत होतं. यंत्राला काय कळतं! त्याची म्हणून या घरात एक अपुरी गोष्ट उरली होती, ती मी संपवली.

आई दारात उभी होती. तिनं पडद्याला हात जोडले. "सुटला माह्या लेक," म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली. किती दिवसांनी तिचा चेहरा सैल झाला होता. त्याचंही मला बरं वाटलं नाही, आणि वाईट वाटतंय असंही म्हणवेना.

मग तिनं मामाला फोन लावला. त्याचा आवाज मला इथवर ऐकू येत होता: "म्या म्हटलं नव्हतं? दे, दादाले दे!"

आई फोन माझ्यापुढं धरून उभी राहिली. "बोल नं. मामा हाय."

मी टीव्ही बंद केला. फोन घेतला नाही.