नुसती रिंग

सोमवारी सकाळी कलावतीनं गणेशपुरीच्या घरातून भिवंडीतल्या कारखान्याच्या कॉम्प्युटरला फोन लावला, आणि नुसती रिंग जात राहिली. एरवी मोडेम लगेच किंचाळायचा, पडद्यावर पासवर्ड विचारणारी ओळ यायची. आज काहीच नाही. तिनं वायर काढून परत खोचली, पुन्हा नंबर फिरवला. तेच.

कारखाना सुताला खळ लावून देणारा, सायझिंगचा. कोणाचं सूत आलं, कोणाचे बीम, म्हणजे सुताचे मोठे रूळ, लूमवर चढवायला तयार झाले, सगळ्याची नोंद त्या एका कॉम्प्युटरवर. कलावती आधी तिथंच बसायची. मग आईला, जाईबाईला, अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. कलावती नोकरी सोडायला निघाली तेव्हा शेठ म्हणाले, "घरी फोन आहे ना? तिथून कर." तेव्हापासून ती घरातून फोनवरून त्या मशीनमध्ये शिरायची आणि बीम सोडायच्या चिठ्ठ्या भिवंडीच्या प्रिंटरवर छापून यायच्या. तिथला हिरामण कागद लावायचा आणि चिठ्ठ्या वाटायचा.

दोन हजार साल तोंडावर आलं होतं. जुनी सिस्टिम तारखा चुकवेल म्हणून तिनं कालच भिवंडीला जाऊन नवी आवृत्ती चढवली होती. मशीन सुरू झालं, चिठ्ठी नीट छापली गेली. आई एकटी म्हणून तिनं धावत एस.टी. धरली. बाहेरून आत शिरता येतंय का, हे तिथं बसून कळणार तरी कसं?

तिनं ऑफिसच्या दुसऱ्या नंबरावर फोन केला.

"हिरामणदादा, मोडेमचे दिवे बघ जरा."

"एक लागलाय, बाकी न्हाय. ताई, गेटवर टेम्पोच टेम्पो हायत. मानसं माझ्या अंगावर येतायत." मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, पर्ची दो ना! लूम खाली पडे हैं!"

"कीबोर्डसमोर बस. मी सांगते ती अक्षरं दाब."

"नको ताई. माझ्या हातून उगा काय तरी बिघडंल."

त्याचंही खरंच होतं. एखादं अक्षर चुकलं असतं तर मशीन उठलंच नसतं. जायलाच हवं होतं. पण भातकापणीचे दिवस. शेजारची आक्का विळा घेऊनच निघाली होती. "दुपारी येऊन बघून जाईन," म्हणाली.

"जा गं," जाईबाई म्हणाली. "मी काय पलून जातेय?"

एस.टी.त कलावतीला धड बसवेना. फायली डोळ्यांपुढे येत होत्या, मध्येच आईला पाणी हाताशी ठेवलंय की नाही ते आठवत होतं. कारखान्यात पोचताच तिनं आधी चिठ्ठ्या छापल्या. गेट मोकळं झालं. मग फायली उघडल्या. फोन उचलायला सांगणारी ओळच नव्या आवृत्तीनं बंद करून टाकली होती. तिनं ती चालू केली आणि हिरामणला समोरच्या पीसीओवरून मशीनला फोन लावायला पाठवलं. तो कान चोळतच परत आला. "शिट्टी मारतोय, ताई! कान फाटला माझा!"

म्हणजे मशीन फोन उचलत होतं. आत घेत होतं का, ते घरी गेल्यावरच कळणार.

निघण्याआधी तिनं घरी फोन लावला. कोणी उचलेना. पुन्हा लावला. तेव्हा लक्षात आलं: फोन अजून कॉम्प्युटरच्या टेबलावरच होता. रोज काम झालं की ती तो उचलून आईच्या उशाशी ठेवायची. आज विसरली होती.

परतीची एस.टी. वाटेत थांबली की तिला ड्रायव्हरला ढकलावंसं वाटे.

दार लोटलं तर जाईबाई जमिनीवर, खाटेला टेकून बसलेली. आक्का शेजारी.

"फोनासाठी उठाय गेली," आक्का म्हणाली. "मी आले तवा खालीच होती. लागलं न्हाय कुठं."

"सारखा वाजत व्हता," जाईबाई रागानं म्हणाली. "मला वाटलं, तुलाच काय झालं."

दोघींनी मिळून तिला वर घेतलं. कलावतीनं तिचे पाय चोळले, चहा पाजला. नंबर फिरवला तो अंधार पडताना. मशीननं पासवर्ड विचारला, आत घेतलं. इतका वेळ जिवाला घोर लावणारी पडद्यावरची ती ओळ तिनं पाहिली आणि लगेच लाइन तोडून फोन उशाशी नेला.

त्या आठवड्यात तिनं भिवंडीला लागूनच्या शेलार गावात, कारखान्याजवळ खोली बघितली. डिसेंबरात आईला टेम्पोतून गादीवर निजवून आणलं. इथंही फोन घेतला, तो आईच्या उशाशी. रात्रंदिवस लूमचा खडखडाट. जाईबाई पहिले दिवस कुरकुरली, मग तिला त्यातही झोप लागू लागली. कलावती सकाळी चालत मशीनपाशी जाऊन बसे, दुपारी जेवायला घरी येई.

तरी काम करता करता तिचा हात मध्येच फोनकडे जाई. एकदा तर आईनं उचलून सरळ दटावलं, "अगं, आत्ताच तर गेलीस!"