काका आणि इंग्लंडचा निकाल

"तक्रार सांगा!" आपण दार उघडलं की काकांचं पहिलं वाक्य हेच. नमस्कार नंतर.

इंग्लंडमधल्या एका शहरात त्यांनी बरीच वर्षं बस चालवली, आणि दर निवडणुकीला आपल्या पक्षासाठी ते दारोदार फिरले. कचरा उचलला जातो का, रस्त्यावरचा दिवा लागतो का, हे आधी विचारायचं. मत मागून मागायचं. लेकीकडे अमेरिकेत शॉमबर्गला आले तरी सवय सुटली नाही.

"काका, कॉल करून यायचं ना!" आमच्यातलं कुणी अर्ध्या दारातून म्हणे.

"मग हे दार कशाला बसवलंय?"

आपण इथली मराठी मंडळी सगळीच त्यांना थोडं टाळत होतो. आठवत असेल तुम्हाला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका मे महिन्यात त्यांची धाकटी बहीण तिकडच्या सिटी कौन्सिलला उभी राहिली, काकांच्याच जुन्या वॉर्डातून. डॉक्टरांनी काकांना विमान बंद केलं होतं. त्यांनी शॉमबर्गहून फोनवर प्रचार सुरू केला.

"बाबा, तिकडे आत्ता सकाळचे सहा वाजलेत!" लेक ओरडायची.

"म्हणून तर लोक घरी सापडतात."

निकालाच्या संध्याकाळी मी सहज डोकावलो, तर फोन कानाला लावून काका हुंदके देत होते. मी पाय न वाजवता परत फिरलो आणि घरी सांगितलं, "बहीण हरली त्यांची."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ड्राइव्हवेत गाड्या मावेनात. कुणी खिचडी आणली, कुणी श्रीखंड. सगळे न कळवता आलेले. "पॉलिटिक्स असंच असतं, काका. टेन्शन नका घेऊ यार," पुण्याचा एक प्रोग्रॅमर त्यांचा हात धरून म्हणाला. काका गंभीरपणे मान हलवत होते आणि पुन्हा श्रीखंड वाढून घेत होते.

मग मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाले, "अरे, ती जिंकली!"

"मग रडत का होतात?"

"जिंकली म्हणूनच. पण बोलू नकोस. एवढी माणसं पहिल्यांदाच आलीत रे माझ्याकडे."

मी बोललो नाही. त्यानंतर दर रविवारी कुणी ना कुणी काकांचं मन रमवायला जाऊ लागलं, आणि स्वतःच्या तक्रारी सांगून हलकं होऊन परतू लागलं.

पुढे तब्येत सुधारली. बहिणीची दुसरी निवडणूक आली, तशी तिनं त्यांना बोलावून घेतलं, कायमचंच. तेव्हा विमानाच्या गेटपर्यंत सोडायला जाता येत असे. आम्ही सगळे गेलो. तिथं काकांना राहवलं नाही.

"ऐका रे, ती मागच्या वेळीही जिंकली होती बरं का!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या लोकांना मीच चुकीची बातमी दिली होती, हे सांगायचा धीर झाला नाही. "जाऊ दे," मी हळूच म्हणालो, "म्हातारपण आहे."

ते काकांनी ऐकलं.

काका आता नाहीत. आपल्यात मात्र अजून त्यांच्या 'हरलेल्या बहिणी'ची गोष्ट निघते. ती जिंकली होती, मंडळी. चांगल्या घसघशीत मतांनी. त्या गेटवर मी एवढंच म्हणायला हवं होतं.

त्या दिवशी काकांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, माझ्या खांद्यावर थोपटलं, आणि नव्या प्रचाराला निघालेल्या माणसाच्या चालीनं विमानाकडे गेले.