झाकण लावलं की मरणारा डबा

नव्वदीच्या सुरुवातीला पनवेलहून आपट्याकडे जाताना एक तळं लागायचं. काठावर वीटभट्टीवर राबणाऱ्या आदिवासींच्या झोपड्या होत्या. नौकाविहाराचा ठेका घेतलेल्या माणसाने त्या एका सकाळी पाडल्या आणि उद्घाटनाची पत्रिका छापली : ‘ओसाड काठाचं नंदनवन’. ओसाड! चुली अजून गरम होत्या.

उद्घाटनाला पुढारी येणार होता. उठवलेल्या माणसांना तळ्याच्या दुसऱ्या टोकाला, बांबूच्या अडसरामागे ठेवणार होते. मांडवाजवळ काळा झेंडा दिसला तर पोलीस उचलणार. तेव्हा आम्ही संघटनेतल्यांनी ठरवलं, झेंडा पाण्यातून जाईल. खेळण्यातल्या बोटीवरून, रेडिओच्या इशाऱ्यावर.

आमच्या संघटनेत इंजिनियर एकच होता आणि त्याचा माज दहा जणांना पुरला असता. एका जुन्या मासिकातल्या आकृतीवरून त्याने ट्रान्समीटर जुळवला. सोल्डरिंगचे डाग मी दिले. एरियलच्या बुडाशी टॉर्चचा बारका बल्ब जोडला होता. बल्ब पेटला म्हणजे लहरी बाहेर पडतायत. टेबलावर तो झकास पेटे, बोटीचं सुकाणू डावी-उजवीकडे वळे. ट्रान्समीटर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवून, एरियल आणि बल्ब बाहेर ठेवून झाकण लावलं की बल्ब मेला.

“शॉर्ट आहे,” इंजिनियर म्हणाला.

“कुठे?”

“तुझ्या डागात. बायकांचं सोल्डरिंग म्हणजे रांगोळी.”

“रांगोळी निदान झाकणाखाली मरत नाही.”

त्याने झाकणाला आतून पुठ्ठा चिकटवला. मेला. सेल बदलले. मेला. मग तो लहरींचा मेळ बसवायला स्क्रूड्रायव्हर घेऊन कॉइलमधला गाभा पिळत बसला. बल्ब पेटला की “झालं!”, झाकण लावलं की पुन्हा शिव्या. शेवटी त्याने फितुरीचा सिद्धांत मांडला. कुणीतरी मुद्दाम ट्रान्समीटरचा क्रिस्टल खराब गळ्यात मारलाय म्हणे. आमच्या अध्यक्षांना हे फार आवडलं. चळवळीतल्या माणसाला बिघाडापेक्षा गद्दार लवकर सापडतो. त्यांनी यावर बैठक बोलावली. मला म्हणाले, “तू पत्रक लिहायला घे. हे टेक्निकल आहे.”

मी पत्रक लिहिलं नाही.

झोपडी पाडलेली एक बाई रोज भट्टीवरून सुटली की आमच्या कचेरीत यायची आणि दारातच उकिडवी बसायची. “बाय, चालला का तुजा डबा?”

“नाय.”

“तुमी येवढी शिकलेली, न् तुमाला एक डबा नाय आयकत? तो मानूस सांगतोय, तितं कुनी नव्हतंच. आमी हाव, येवढं त्याला दिसलं पायजे. बाकी मंग बघू.”

बैठक खालच्या मजल्यावर चालू असताना मी डबा पुढे ओढला. झाकण हळूहळू खाली आणलं. ते कशाला टेकायच्या आधीच, चांगलं चार बोटं वर असताना, बल्ब मंद व्हायला लागला. मग शॉर्ट कसला? पत्रा नुसता जवळ आला तरी कॉइलचा मेळ बिघडत होता. स्क्रूड्रायव्हर पोलादी, त्यानेही तेच. गडी स्क्रूड्रायव्हर आत घालून, झाकण उघडं ठेवून मेळ बसवत होता आणि नंतर स्क्रूड्रायव्हर काढून झाकण लावत होता!

मी झाकणाला कॉइलच्या वर भोक पाडलं, झाकण घट्ट बसवलं, बांबूची कामटी तासून तिने भोकातून गाभा फिरवला. बल्ब पेटला. कामटी काढली. पेटलेलाच राहिला. दारातली बाई म्हणाली, “आता कसा गप पेटला!” इंजिनियर वर आला, बघितलं आणि म्हणाला, “मी तेच सांगणार होतो.”

उद्घाटनाच्या दिवशी मी अडसरामागच्या गर्दीतून बोट सोडली. काळा झेंडा ताठ होता. बोट थेट मांडवासमोर गेली, मी तिला पुढाऱ्याच्या नाकासमोर गोल फिरवली. पोलीस काठावर नुसते बघत राहिले. तेवढ्यात सूत्रसंचालक माइकवरून गरजला, “आपल्या तालुक्यातील होतकरू तरुणांनी साहेबांच्या स्वागतार्थ सोडलेली ही बोट!” आणि साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्या मांडवाने. असली जात आहे ही पुढाऱ्यांची. निषेधालासुद्धा हार घालतील.

“दिसला का त्याला?” बाईने विचारलं.

“दिसला.”

“मंग टाळ्या कशापायी?”

मी सांगितलं, त्यांनी ते स्वागत ठरवलं. तिने डब्यावर बोट टेकवलं. “याला तोंड नाय,” ती म्हणाली. “मला हाय.” तिने लुगडं वर खोचलं, अडसराखालून वाकून निघाली आणि सरळ पाण्यात उतरली. तिच्यामागून तिची जाऊ, मग भट्टीवरच्या बाकीच्या बाया. तळं उथळ होतं, त्यांनी जन्मभर त्यात मासे धरलेले. कमरेभर पाण्यातून त्या मांडवाकडे चालत गेल्या आणि एकेकीने पुढाऱ्याला आपापली झोपडी कुठे होती ते बोट दाखवून, ओरडून सांगितलं. एकाही पोलिसाने बूट भिजवले नाहीत.

टाळ्या थांबल्या. साहेब पाण्याकडे बघत उभे राहिले. दुसरीकडे बघायची सोय नव्हती.

अध्यक्ष मागून माझ्यावर ओरडत होते, “अगं, हे ठरलं नव्हतं!” मी डबा त्यांच्या हातात दिला आणि पाण्यात उतरले.