माधवच्या घरातली हिंदी

“काका, बाबा नहीं रहे.” महिन्यापूर्वी सकाळी दारात उभं राहून कुसुमने हे सांगितलं, आणि माझ्या मनात आधी काय आलं ते लिहायला लाज वाटते. मनात आलं, बापाच्या मरणाची बातमी तरी मराठीत सांगायचीस... माधव गेला, हे त्यानंतर डोक्यात शिरलं.

माधव आणि मी ग्वाल्हेरच्या खासगी बाजारात एकाच गल्लीत वाढलो. दोघांचेही पणजोबा दक्षिणेतून संस्थानच्या चाकरीला आलेले. घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि भांडताना जी आधी तोंडात येईल ती. गणेशोत्सवात मंडळाचं नाटक असे आणि त्यात नायक माधवच. आवाज असा, की शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनाही कानामागे हात धरावा लागत नसे. मी मंडळाचा चिटणीस. नट व्हायची हौस मलाही होती, पण रंगमंचावर उभा राहिलो की पाय लटपटत. त्याचा हेवा वाटायचा, हेही आता कबूल करून टाकतो.

संस्थान विलीन झालं, मध्य भारत झाला, मग तोही मोडला आणि राजधानी भोपाळला गेली. कचेऱ्या हलल्या, निम्मी गल्ली बिऱ्हाडं बांधून निघून गेली. मागे राहिलेल्या आम्ही लोकांनी मराठी जास्तच घट्ट धरली. आणि नेमक्या त्याच वर्षी माधवच्या घरातून हिंदी ऐकू येऊ लागली. बैठकीतून नव्हे, स्वयंपाकघरातून! “बेटा, खाना खा लो,” असं तो पाच वर्षांच्या कुसुमला म्हणे. शांतावहिनींचंही तेच. मी एकदा हटकलं तर हसून म्हणाला, “असू दे रे, पोरीची शाळा हिंदीच आहे ना.” मला ते पटलं नाही. त्याच्या कचेरीत नवे साहेब बाहेरून आले होते, बढत्यांच्या याद्या चालल्या होत्या. मी काय ते समजून गेलो.

त्या वर्षीच्या नाटकाच्या बैठकीत, सगळ्यांदेखत, मी म्हणालो, “ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, असं ज्यांच्या घरात चालतं त्यांना मंडळाच्या नाटकात काम नको.” लोक हसले. माधवने हातातली नाटकाची नक्कल सतरंजीवर ठेवली. “ठीक आहे. तुम्ही पाहून घ्या,” एवढंच बोलला. लहानपणापासून त्याने मला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. नायकाचं काम त्या वर्षी मी केलं. पाय लटपटलेच.

पुढे त्याला बढतीवर भोपाळला बोलावलं, तो गेला नाही. तेव्हाही मला शंका आली नाही. म्हटलं, आणखी वरच्या जागेवर डोळा असेल. माणूस एकदा ठरवून टाकला की त्याचं सगळं त्यातच बसवता येतं. कुसुम मोठी झाली. रस्त्यात भेटली की नमस्कार करून क्षणभर गप्प राही, मग जपून एकेक शब्द बोले. त्याला मी घमेंड म्हणत असे. माधव आणि मी समोरासमोर आलो की हवापाण्याचं बोलायचो आणि पुढे व्हायचो. अशी किती वर्षं गेली...

तेरावं झाल्यावर भेटायला गेलो, तेव्हा शांतावहिनी म्हणाल्या, “भाऊजी, आता सांगून देते. यांनी तोंड बांधलं होतं माझं. कुसुम पाच वर्षांची असताना बोलताना अडायला लागली. शाळेत पोरं ‘हकली’ म्हणून चिडवायची. मग तिनं बोलणंच सोडून दिलं. चार महिने एक शब्द नाही हो! कंपू भागातल्या डॉक्टरनं सांगितलं, घरात एकच भाषा ठेवा, शाळेतलीच. आम्ही ठेवली.”

“मला का नाही सांगितलं?”

“गल्लीत कळलं असतं तर पोरीला जन्माचं नाव पडलं असतं. हे म्हणायचे, नाव पडायचंच तर मला पडू दे.”

आता म्हणे असला सल्ला कुणी देत नाही. तो बरोबर होता की चूक, कोण जाणे. पण पोर हळूहळू बोलायला लागली, आणि ती झोपली की दार लावून, हलक्या आवाजात, नवरा-बायको मराठी बोलत राहिले.

दिसतं-ऐकू येतं त्यावरून माणसाबद्दल काहीतरी मत होणारच, ते कुणाला चुकलेलं नाही. माझं चुकलं ते त्याच्या पुढे. वीस पावलांवर त्याचं घर होतं, आणि मी जाऊन कडी वाजवली नाही. खरं तर मला ते मत हवंच होतं. माधव लहान ठरला की रंगमंच माझा होत होता.

कुसुम चहा घेऊन आली. माझ्या हातात कप देऊन समोर बसली, क्षणभर गप्प राहिली.

“काका, आपने बाबा से कभी... पूछा क्यों नहीं?”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी तोंड उघडलं. मराठीत काही सुचेना, हिंदीतही सुचेना. वहिनी पदराशी चाळा करत बसल्या, पण मध्ये बोलल्या नाहीत. कुणी बोलताना अडलं तर त्याला शब्द पुरवायचा नाही, लागेल तेवढा वेळ द्यायचा, ही माधवने त्या घराला लावलेली सवय. कुसुमने नजर फिरवली नाही. माझ्या उत्तरासाठी ती थांबून राहिली.